टँकखाली फोम घालू का

१२ नोव्हेंबर, बुधवार

धाराशिवला येऊन तिसरा दिवस. स्वयंपाकघर लागलं, बाकी सगळं अजून पोत्यात. ह्यांची कॉट खिडकीशी लावली, रस्ता दिसेल म्हणून. रस्त्याकडं बघत नाहीत. नजर सारखी कोपऱ्यात, टँककडं. तो गोधडीत गुंडाळून जमिनीवर ठेवलाय, रिकामा. मासे मोरीत, निळ्या ड्रममध्ये. नऊच्या नऊ जिवंत पोचले भूमहून. सात गोल्डफिश, दोन काळे सकर.

जुनं लाकडी स्टँड भूमलाच सोडलं, दोन पाय वाळवीनं खाल्लेले. लोखंडी करायला टाकलंय बसस्टँडमागच्या वेल्डरकडं.

"टँक भिंतीला लावू, का तुमच्या समोर?"

"न्हाय."

"मग भिंतीला?"

"न्हाय."

जुलैपासून एवढा एकच शब्द. एकतीस वर्षं शाळेत पोरांना सांगितलं, न्हाय नव्हे, नाही म्हणा. अर्धांगाच्या झटक्यानं सगळं नेलं आणि तेर गावचा, लहानपणचा न्हाय तेवढा मागं ठेवला. चहा घेणार का, न्हाय. आणि कप रिकामा करतात.

१४ नोव्हें.

नवीन दवाखान्यात माझी ड्यूटी सुरू. सकाळपाळी मागून घेतली, आठ ते दोन. सुमनबाई म्हणून एक बाई मिळाल्या ह्यांच्याजवळ बसायला. एकपर्यंत थांबतील, त्यांना पुढं दुसरं घर आहे. एक ते अडीच एकटे. बाहेरून कडी-कुलूप लावून जायचं ठरलं, एक किल्ली सुमनबाईंकडं. भूमला दाराला कुलूप कधी लागलंच नव्हतं. शाळेची पोरं येऊन-जाऊन असायची.

१६ नोव्हें., रविवार

स्टँड आलं. काळा रंग, वर प्लायवूड. टँक उचलून ठेवायला घरमालकीणबाईंचा (शकुंतलाताई, वरच राहतात) जावई आणि वेल्डर. दोघांनी उचललासुद्धा आणि वेल्डर म्हणाला, "खाली काय घालायचं का, म्याडम? फोम-बिम?"

काय होतं खाली?

मला आठवेना. उचललेला टँक धरून दोघं उभे, मी आठवतेय. अकरा वर्षं मी तो टँक पुसला. वरून, बाजूनं, स्टँडसकट. काचेच्या आणि लाकडाच्या मधे काही होतं की नव्हतं, सांगता येईना. परत खाली ठेवायला लावला. जावयाचं तोंड उतरलं.

ह्यांनी एकट्यानं लावला होता तो. मी ड्यूटीवरून आले तेव्हा दिवा लागलेला, पाण्यात मासे. "हात लावू नको, मी बघतो सगळं." पुसण्यापलीकडं मी लावला नाही.

भूमहून सामान भरलं तेव्हाही मी दवाखान्यात चार्ज देत होते. टेंपोवाल्याला फोन केला. "आठवत न्हाय ओ. काय तरी मऊ होतं बघा. का ती तुमची गोधडीच होती?"

१८ नोव्हें.

मुनीरभाईंकडं जाऊन आले. माशांचं दुकान, गावात एवढं एकच मोठं. पांढरी दाढी, बोलायला गोड. "सिस्टर, फोमबगैर ठेवू नका. वेल्डिंगचं स्टँड, कुठं तरी उंच-खाल राहतंच. काचेला तेवढा खडा पुरतो." काळ्या फोमचा शीट कापून दिला, बोटाच्या निम्म्या जाडीचा.

घरी आले, ह्यांना दाखवला. "हा घालू खाली?"

"न्हाय."

"फोम नको?"

"न्हाय!"

डाव्या हातानं ओढून घेतला आणि फेकला. दारापर्यंत गेला. गेल्या महिन्यात भाताची ताटली अशीच फेकली होती. बोलायला शिकवणाऱ्या सोलापूरच्या बाईंनी दिलेली होय-नाहीची चित्रंही अशीच. फेकणं म्हणजे काय, तेही एक कळत नाही.

शीट उचलून कपाटावर ठेवला.

१९ नोव्हें.

अमोलचा फोन, पुण्याहून. आधी म्हणाला, "आई, देऊन टाक ते मासे. तुला काय कमी कामं आहेत?" मग थोड्या वेळानं परत फोन. त्यानं बघितलं म्हणे मोबाईलवर. तळाची काच सपाट टेकत असेल तर फोम पाहिजे. पण खाली प्लास्टिकची चौकट असेल, काच चौकटीवर अधांतरी असेल, तर फोम घालायचा नाही. फोम मधून वर दाबतो, काच तडकते. "चौकट आहे का बघ."

पालथं पडून बघितलं, बॅटरी घेऊन. खाली काळी पट्टी आहे चारी बाजूंनी. एका अंगाला प्रवासात तुटलीय. काच पट्टीवर टेकलीय का पट्टी नुसती बाहेरून चिकटवलीय, मला कळेना. जमिनीवर ठेवलेल्या टँकखाली काय दिसणार.

मी खाली वाकलेली असताना मागून ह्यांचा आवाज. न्हाय, न्हाय, न्हाय. हळू. कुणी तरी वाचून दाखवावं तसा.

२१ नोव्हें.

मुनीरभाई स्वतः येऊन बघून गेले. पट्टीवर नख मारलं. "ही शोभेची पट्टी. वजन काचेवरच आहे. फोम घाला, बिनघोर."

ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी मुनीरभाईंचं ऐकलं. लिहून ठेवते: मी विचारलं, ह्यांनी न्हाय म्हटलं, मी घातला. चहालाही न्हाय म्हणतात, औषधालाही. प्रत्येक न्हाय ऐकत बसले असते तर माणूस जुलैमध्येच उपाशी मेला असता.

२३ नोव्हें., रविवार

भरला. सतरा बादल्या. नळ सहा दिवसांनी येतो, पाणी दोन दिवस दुसऱ्या ड्रममध्ये शिळं करून ठेवलं होतं. दुपारी मासे सोडले. नारिंगी मोठा आधी कोपऱ्यात जाऊन बसला, मग हळूहळू फिरायला लागला. मी कॉट वळवली.

ह्यांनी बघितलं. बराच वेळ. मग डोळे भरले. झटक्यानंतर डोळे उगाचही भरतात, हे मला माहीत आहे. तरी मी ते आनंदाचे धरले.

२६ नोव्हें.

बरे दिवस. फिजिओवाले म्हणाले, खुर्चीत तासभर बसतात म्हणजे खूप. खुर्ची टँकसमोर. सुमनबाई सांगतात, "सर दिसभर मास्यांसंगट बोलत्यात. न्हाय न्हाय म्हनत्यात, पन लई परेमानं."

मी घरी आले की बोलत नाहीत.

३० नोव्हें.

अमोलला टँकचा फोटो पाठवला. "छान. काच ओके ना?" ओके, लिहिलं.

खुर्चीतून सारखे वाकतात. टँककडं नाही, टँकच्या खाली. प्लायवूडकडं बोट. मी फडकं फिरवून दाखवलं. "कोरडं आहे, अहो. बघा." बोट तिथंच.

२ डिसेंबर

परत बोट. मी रागावले आज. थकले होते, वॉर्डात दोन डिलिव्हऱ्या आणि एक बाळ गेलेलं. "काय आहे तिथं? काय पाहिजे तुम्हाला? बोला ना!"

बोला ना म्हणाले मी. ह्यांना.

बोट मागं घेतलं त्यांनी. निर्जीव उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, त्यावर डावा. शाळेत पोरं बसतात तसे.

६ डिसें.

परवाचं आज लिहितेय.

गुरुवारी पावणेदोनला शकुंतलाताईंचा फोन. "निर्मलाताई, तुमच्या दारातनं पानी येतंय भायेर." रिक्षानं आले. कुलूप काढलं. आत घोट्याएवढं नाही, पण घरभर पाणी. तळाची काच फुटून खाली बसलेली. हे जमिनीवर. खुर्ची एकीकडं, हे टँकजवळ पालथे, कोपरातून रक्त.

मला वाटलं

जिवंत होते. शुद्धीत. डावा हात पुढं, हाताशी पाण्याचा जग, त्यात तीन मासे. स्टीलच्या ग्लासात एक, शेपूट वर. उशाशी ठेवते मी तो जग आणि ग्लास. खुर्चीतून स्वतःला पाडून घेतलं असणार, सरपटत कॉटपर्यंत गेले असणार, जग घेऊन परत आले असणार. एका हातानं. काचांतून. पाचवा मासा मुठीत होता. तो मेलेला.

मूठ उघडेनात. मी उघडली.

सात टाके. माझ्याच वॉर्डातल्या पोरींनी घातले. हाड मोडलेलं नाही, म्हणजे नशीब म्हणायचं.

शकुंतलाताई रडत होत्या. "वरडत हुते ओ, न्हाय न्हाय करून. पन ते रोजच म्हनत्यात ना. म्हनून मी आपली भाकरी थापत बसले." मीही तेच केलं.

७ डिसें., रविवार

ताप. १०१. अँटिबायोटिक सुरू. चार मासे ड्रममध्ये. दोन्ही सकर गेले. नारिंगी मोठा गेला.

कुलूप लावणार नाही ह्यापुढं. सुमनबाईंच्या दुसऱ्या घरी बोलून आले, त्या अडीचपर्यंत थांबतील. हे आधी सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. विचारायला संकोच वाटला होता.

८ डिसें.

मुनीरभाई आले. काचा हातात घेऊन बघितल्या, पट्टी उचकटून बघितली. मग ह्यांच्या कॉटजवळ गेले आणि ह्यांनाच म्हणाले, मला नाही: "सर, गलती माझी. पट्टी शोभेची नव्हती. काच पट्टीवरच होती, अधांतरी. फोमनं मधून उचलली. तुम्ही बरोबर होतात."

हे छताकडं बघत होते.

नवीन तळ बसवून देतो म्हणाले, टँक घेऊन गेले.

तुम्ही बरोबर होतात. जुलैपासून हे वाक्य ह्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते दुकानदारानं.

१० डिसें.

ताप उतरला. मला झोप नाही. आठवत बसते, कशाकशाला न्हाय म्हणाले.

ऑगस्टमध्ये सोलापूरच्या दवाखान्यातून घरी न्यायचं ठरलं, न्हाय. दाढी काढू का, न्हाय. जमिनीवर झोपायची सवय होती, कॉट आणली, न्हाय. अमोल परत निघाला तेव्हा, न्हाय.

सप्टेंबरात शाळेचे कागद आले. आजारपणामुळं नोकरी सोडत असल्याचा अर्ज. तीन वर्षं शिल्लक होती. हेडमास्तर चांगले माणूस, म्हणाले, "ताई, सरांना एकदा नीट विचारा." मी विचारलं. "सही करायची ना?" न्हाय. हेडमास्तर माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "ते सगळ्यालाच तसं म्हणतात." आणि डावा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. अंगठा आखडला होता. मी म्हटलं, स्नायू आखडतात.

मग माझी बदली. "इथं फिजिओ नाही, धाराशिवला जाऊ या ना?" न्हाय. "तुमच्यासाठीच करतेय." न्हाय.

ह्यातले कुठले खरे?

१३ डिसें.

अमोल आला दोन दिवसांसाठी. बापाचे टाके बघून माझ्यावर चिडला. कुलपावरून. बरोबरच आहे.

जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. तो म्हणाला, "आई, तू स्वतःला खाऊ नकोस. तो नुसता आवाज आहे. त्यात अर्थ शोधायला लागलीस तर वेडी होशील. एकदा जुळलं, ते योगायोगानं."

"बोट दाखवत होते प्लायवूडकडं. तीन दिवस."

"सगळीकडंच दाखवतात."

कॉट तिथून सहा पावलांवर. ह्यांचे डोळे मिटलेले. पापण्या हलत होत्या.

१४ डिसें., रविवार

अमोल गेला. जाताना वाकून पाया पडला. ह्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि उचललाच नाही. त्याला तसंच वाकून राहावं लागलं. गाडीची वेळ झाली म्हणून शेवटी मीच हात उचलला.

"न्हाय," म्हणाले.

अमोल दारात थांबला. गेला.

१७ डिसें.

ठरवलं, तपासून बघायचं. ज्याचं उत्तर मला माहीत आहे तेच विचारायचं. वही घेऊन बसले.

तुमचं नाव भास्कर? न्हाय.

आपण भूमला राहायचो? न्हाय.

आपल्याला मुलगी आहे? (एकटा अमोलच.) न्हाय.

मी नर्स आहे? न्हाय.

आत्ता रात्र आहे? (सकाळ होती.) न्हाय.

शब्द तोच. भुवया बघितल्या, आवाज बघितला, हात बघितला. 'मुलगी' ला थोडा जोर होता असं वाटलं. परत विचारलं तर नव्हता. बारा प्रश्न झाले. तेराव्याला ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

मग उमगलं. मास्तर माणसाची परीक्षा घेत होते मी. शेजारी बसून, वही घेऊन, बरोबर-चूक लिहीत.

वहीचं पान फाडलं त्यांच्यादेखत. बघितलं नाही.

२० डिसें.

विहारात जाऊन आले, खूप दिवसांनी. बायकांनी विचारलं, सर कसे आहेत. बरे आहेत. बोलतात का? बोलतात, म्हणाले मी. खोटं नाही ते.

येताना ड्रमसाठी हवेचा छोटा पंप आणला. चौघं वर तोंड काढत होते. मोरीत अंघोळ करताना त्यांच्याकडं पाठ करते. उगाच.

२३ डिसें.

ह्यांची भूक गेली. दोन घास. न्हाय म्हणतात आणि आता खरंच खात नाहीत. आधी न्हाय म्हटलं तरी चमचा पुढं केला की तोंड उघडायचे. मला त्याचाच आधार होता, न्हाय म्हणजे काही नाही म्हणून. आज चमचा धरून बसले, धरून बसले. तोंड उघडलं नाही. मी खाली ठेवला.

सुमनबाई म्हणाल्या, "मास्यांबिगर करमत नसंल सरांना."

ड्रम ओढत बाहेरच्या खोलीत आणला, दोघींनी मिळून. पण ड्रम निळा, आतलं काही दिसत नाही. कॉटवरून तर नाहीच. ह्यांनी एकदा बघितलं आणि परत छत.

२८ डिसें., रविवार

टँक आला. नवीन तळ, जाड काच. मुनीरभाईंनी पट्टी काढूनच टाकलीय. "आता सपाट आहे, सिस्टर. ही काच प्लायवर पूर्ण टेकणार." मग घोटाळले. फोमचा शीट बरोबर आणला होता, काखेत. बाहेर काढेनात.

"आता फोम लागतो का?" मी विचारलं.

"आता लागतो. तवा नव्हता लागत. पन..." ह्यांच्याकडं बघितलं. "सरांना विचारून घाला. मी न्हाय सांगत आता."

शीट ठेवून गेले. टँक जमिनीवर, स्टँडशेजारी.

१ जानेवारी

अमोलचा फोन. हॅपी न्यू इयर. ह्यांच्या कानाला फोन लावला. अमोल म्हणाला, "बाबा, टँक लावला का?" न्हाय, म्हणाले. हे तरी खरं होतं.

मग मला: "आई, सपाट तळ असेल तर फोम घालायचाच. नियम स्पष्ट आहे. उगाच विचारत बसू नको."

विचारल्याशिवाय करायचं नाही, ठरवलंय. आणि विचारून कळत नाही.

४ जाने.

टँक येऊन आठवडा झाला, स्टँड रिकामंच. लेव्हल बघायची बाटली आणली, वेल्डरकडूनच. एक पाय किंचित आखूड. पत्र्याचा तुकडा घातला. आता प्लायवूड सपाट आहे. म्हणजे फोम नसला तरी चालेल? मुनीरभाई म्हणतात थोडं फार उंच-खाल राहतंच. वेल्डर म्हणतो, "माझं काम येकदम सपाट हाय म्याडम, कशाला पायजे फोम." प्रत्येकाला बोलता येतं.

ह्यांना आज कागदाबद्दल सांगितलं. म्हणजे त्यांना माहीतच आहे. तरी मी सांगितलं. "तुमचा अंगठा मी लावला. तुम्ही न्हाय म्हणाला होता. मी ऐकलं नाही." अंथरुणाची चादर बदलत होते, त्यामुळं तोंडाकडं बघावं लागलं नाही.

चादर झाली. उशी नीट केली.

८ जाने.

थोडं खाल्लं. मऊ भात, दूध. वजन उतरलंय, खुर्चीत बसवताना हाताला कळतं. फिजिओवाले म्हणाले, मनानं घेतलंय. मी पेशंटच्या नातेवाईकांना हेच सांगते: मनानं घेतलंय, जपा.

ड्रममधला एक मेला. लहान पांढरा. ह्यांना सांगितलं नाही. उरले तीन.

११ जाने., रविवार

आज सुट्टी. ठरवलं, आज लावायचाच. जावयाला बोलावून ठेवलं दहाला.

आधी ह्यांना खुर्चीत बसवलं, टँकजवळ. नवीन तळावर त्यांचा डावा हात धरून फिरवला. "बघा, पट्टी नाही आता. सपाट आहे." बोटं फिरली. माझा हात सोडल्यावरही फिरत राहिली, कडेकडेनं. वाचल्यासारखी. कितीतरी दिवसांनी तोंडावर काही तरी आलं. शाळेत वह्या तपासताना असायचं तसं.

मग फोमचा शीट मांडीवर ठेवला.

"घालू का?"

"न्हाय."

फेकला नाही. हात वर ठेवला आणि दाबून धरला. मी काढून घ्यायला गेले, सोडेनात. म्हणजे घाल, माझ्या हातानं घालतो? का घालूच देणार नाही?

"नको का मग?"

"न्हाय." धरलेलाच.

जावई दारात येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणाले, आज राहू दे. गेला बिचारा. दुसऱ्यांदा.

मी खाली बसले, जमिनीवर, त्यांच्या पायाशी. आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"अहो, भूम सोडायचं नव्हतं का तुम्हाला?"

ओठ हलले. मी वाट बघत होते त्याची, त्या शब्दाची. कशाचाही अर्थ काढला असता मी त्याचा. आला नाही. माझ्याकडं बघत राहिले. डोळे भरले नाहीत, मान फिरवली नाही. फक्त बघत राहिले, आणि मीच खाली बघितलं.

परत विचारलं नाही.

त्यानंतर दिवसभर एकही न्हाय नाही. चहाला नाही, औषधाला नाही. कूस बदलताना दुखलं असणार, तेव्हाही नाही. कप पुढं केला की बघतात माझ्याकडं, मी ठरवते, मग पितात.

सहा महिने त्या एका शब्दाला कंटाळले होते मी.

संध्याकाळी शकुंतलाताई डोकावल्या. "आज लई शांत हायेत सर. बरं हाय ना?"

टँक जमिनीवरच आहे. शीट त्यांच्या मांडीवर. उद्या नळाची पाळी, दुसरा ड्रम भरून ठेवीन, पाणी शिळं व्हायला दोन दिवस जातील. तोवर रोज एकदा विचारीन. आणि ते काही म्हणालेच नाहीत तर